कूलर अंगात घालून बर्फात

दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे झाले की वाडीसारख्या ठिकाणी हौशी छायाचित्रकारांच्या डोक्यात बर्फ पडू लागतो. अमरावती मार्गावर ट्रकांची रांग, गोदामांपुढे चाललेली माल भरण्या-उतरवण्याची घाई, हवेत धूळ. आणि मोबाइलवर मात्र गोठलेले पँगाँग, किब्बरच्या कड्यावरचा हिमबिबट्या, हानलेच्या आकाशातली आकाशगंगा. बँकेतली, शाळेतली, आयुध निर्माणीतली रजा टाकली जाते, आठ-दहा जणांचा गट जमतो आणि सहलीच्या आयोजकाकडून सामानाची यादी येते.

या याद्या वाचण्यासारख्या असतात. कोणती लेन्स, कोणता फिल्टर, किती मेमरी कार्डे, ट्रायपॉडचे डोके कुठल्या प्रकारचे, याचा तपशील दोन-दोन पाने चालतो. शेवटी एक ओळ येते : ‘गरम कपडे व वैयक्तिक औषधे सोबत ठेवावीत.’ संपले. कॅमेऱ्याला दोन पाने आणि माणसाला एक ओळ, हे प्रमाण उलटे हवे. त्यातही ही यादी नागपूरकराच्या हातात पडणार असेल तर नक्कीच.

नागपूरकराचे शरीर आणि त्याची समजूत, दोन्ही उन्हाळ्यावर पोसलेली आहेत. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. उन्हात जाताना कांदा खिशात ठेवावा की नाही, डोक्याला दुपट्टा कसा बांधावा, माठ कुठे ठेवावा, हे इथे शिकवावे लागत नाही. थंडीचा अनुभव मात्र तोकडा. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली, त्याची चर्चा पुढची कित्येक वर्षे चालली. ती थंडी म्हणजे स्पितीतल्या जानेवारीत दुपारी ऊन पडल्यावरची ऊब. त्यामुळे ‘दोन स्वेटर जास्त घेऊ’ हा नागपुरी उपाय तिथे पुरत नाही आणि कधी कधी तोच अंगाशी येतो.

मुळात छायाचित्रकाराची थंडी ही गिर्यारोहकाच्या थंडीपेक्षा वेगळी असते. निवांत बसलेला प्रौढ माणूस साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करतो, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. पाठीवर सॅक घेऊन चढ चढताना तोच माणूस पाचपट उष्णता बाहेर टाकतो. गिर्यारोहक चालत राहतो, म्हणून त्याची भट्टी पेटलेली राहते. निसर्गचित्रे काढणारा मात्र पहाटे पाचला धापा टाकत टेकडी चढतो, ट्रायपॉड उभा करतो आणि मग सूर्य डोंगराआडून वर येईपर्यंत तास-दीड तास खांबासारखा उभा राहतो. चढताना भट्टी पाचशे वॅटवर, थांबल्यावर शंभर-सव्वाशेवर. कपडे तेच. चढताना घाम फुटतो आणि थांबल्यावर तो घाम आपले काम सुरू करतो.

ते काम कोणते, हे विदर्भात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. मे महिन्यात खिडकीला लावलेला कूलर हेच करतो. वाळ्याच्या ताट्या ओल्या, त्यातून वारा, पाणी वाफ होताना उष्णता शोषते आणि खोली गार होते. घामाने भिजलेले सुती बनियन आणि त्यावर डोंगरातला वारा, हा तोच कूलर. फक्त इथे तो खिडकीला नसून अंगावर चढवलेला असतो आणि बंद करायचे बटण सापडत नाही. शिवाय पाणी हे स्थिर हवेच्या जवळजवळ २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. कापड कोरडे असते तेव्हा त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. ते भिजले की हवेची जागा पाणी घेते आणि ऊब निघून जाते.

कापसाच्या प्रदेशात ही गोष्ट सांगणे थोडे जड जाते, पण अंगाला लागून असलेला पहिला थर सुती नको. ज्या गुणामुळे सुती कापड उन्हाळ्यात सुखाचे, त्याच गुणामुळे ते बर्फात घातक : ते घाम पितो तेवढा धरून ठेवते आणि वाळायला वेळ लावते. आतला थर पातळ लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा असावा. लोकर ओली झाली तरी बरीचशी उबदार राहते. त्यावर फ्लीस किंवा स्वेटर. नागपुरात दर हिवाळ्यात तिबेटी विक्रेते जे स्वेटर घेऊन बसतात, ते बहुतेक ॲक्रिलिकचे असले तरी या मधल्या थराला अगदी चालतात. हजारो रुपये मोजून परदेशी नाव छातीवर मिरवलेच पाहिजे असे नाही. सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट. आणि या सगळ्यापलीकडे एक जाडजूड पिसांचे जाकीट सॅकमध्ये, चढताना न घातलेले. ते केवळ उभे राहण्यासाठी. ट्रायपॉड उघडण्याआधी ते अंगावर चढवायचे, थंडी वाजू लागल्यावर नव्हे. कारण पिसांचे जाकीट स्वतः उष्णता निर्माण करत नाही, आत आहे ती राखते. चढ सुरू करताना किंचित थंडी वाजावी इतकेच कपडे अंगावर असणे बरोबर, हे ऐकायला विचित्र वाटते. पण पहिल्या दहा मिनिटांची ती हुडहुडी पुढचा दीड तास वाचवते.

वाऱ्याचा हिशेबही यादीत कुठे नसतो. तापमान उणे १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखे जाणवते. उघडी कातडी म्हणजे छायाचित्रकाराच्या बाबतीत नाक, गाल आणि बोटे. बोटांची गोष्ट सर्वांत नाजूक, कारण कॅमेऱ्याची बटणे दाबायला तो हातमोजे काढतो. ‘दोनच मिनिटे’ म्हणून काढलेला मोजा बर्फावर ठेवला जातो, वाऱ्याने उडतो किंवा आतून ओला होतो. उपाय लहान मुलांच्या कपड्यांत आहे : आत पातळ मोजा, वर चार बोटे एकत्र राहणारा जाड मोजा आणि तो मनगटाला दोरीने बांधलेला. बोटे उघडी ठेवणारे फॅशनेबल मोजे दिसायला छान. पण गरज असते ती नेमकी टोकांना.

ट्रायपॉडच्या ॲल्युमिनियमच्या पायाला उघडा हात लावला की धातू हातातली उष्णता झपाट्याने ओढून घेतो. बाजारात यासाठी महागडी आवरणे मिळतात. एसी दुरुस्त करणाऱ्याकडे तांब्याच्या नळीवर चढवायची जी काळी फोमची नळी असते, तिचे दोन तुकडे तेच काम करतात. तसेच योगा मॅटचा पाटाएवढा तुकडा. तो बर्फावर टाकून त्यावर उभे राहिले की तळव्यातून जाणारी उष्णता अडते. वजन नगण्य, किंमत त्याहून कमी, आणि दीड तास उभे राहणाऱ्याला तिसऱ्या लेन्सपेक्षा याचा उपयोग जास्त. बूट मात्र एक माप मोठे हवेत. घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबले की पायांचा रक्तप्रवाह अडतो आणि मोजे वाढवूनही पाय गारच राहतात.

बोट पांढरे, मेणासारखे आणि बधिर झाले तर ते चोळायचे नाही. बर्फाने तर मुळीच नाही. तो जुना समज अजून जिवंत आहे. बोटे काखेत धरावीत, निवाऱ्याला जावे, आणि बधिरपणा जात नसेल तर अंगाला सोसेल अशा कोमट, म्हणजे ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ठेवावीत. शेकोटीवर धरू नयेत, कारण बधिर बोट भाजले तरी कळत नाही. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर गरम न केलेलेच बरे. रमच्या घोटाने ऊब येते ती फक्त जाणीव. कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते.

कॅमेऱ्याविषयी थोडक्यातच, कारण त्याची काळजी घ्यायला दोन पाने आहेतच. थंडीत लिथियमच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ती रिकामी झाल्यासारखी दाखवते. आतल्या खिशात गरम केली की बराचसा चार्ज परत मिळतो. गोठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, तिचे कायमचे नुकसान होते. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. आणि थंड कॅमेरा उबदार खोलीत आणण्याआधी हवाबंद पिशवीत घालावा. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरताना चष्म्यावर जे धुके येते तेच लेन्सच्या आत येते. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतला छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग याने १९१०-१२ च्या काळात हे सगळे भोगले. फोकस साधताना ओठ ओले करायला गेला आणि त्याची जीभच कॅमेऱ्याच्या धातूला गोठून चिकटली. शंभर वर्षांत कॅमेरे बदलले, जीभ तीच आहे.

आता ज्याविषयी यादीत बहुधा एक शब्दही नसतो, ते. लडाख किंवा स्पितीची थंडी ही उंचावरची थंडी आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. लेह ३,५०० मीटरवर, पँगाँग ४,२०० च्याही वर, हानले ४,५०० च्या आसपास. लेहला हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या दोन-तृतीयांश, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. सकाळी दिल्लीहून निघालेला माणूस नाश्त्याच्या वेळी तिथे उतरतो. शरीराला सवय व्हायला मात्र दिवस लागतात. पहिले ४८ तास विश्रांती घ्या, असे तिथले प्रशासन पर्यटकांना सांगते. छायाचित्रकार गटांना हे दोन दिवस वाया गेल्यासारखे वाटतात आणि दुसऱ्याच पहाटे ‘जवळच्याच’ खिंडीत सूर्योदय गाठायचा बेत ठरतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही पहिली सूचना. बसल्या जागी धाप लागणे, खोकला, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, ही दुसरी आणि शेवटची. त्यानंतर सूर्योदय वगैरे विसरून खाली उतरायचे असते. ॲसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर हे आवर्जून सांगावे.

कोविडनंतर घरोघरी आलेला ऑक्सिमीटर जरूर न्यावा, पण तो समजून. उंचावर ८५-८८ असा आकडा सुरुवातीला अनेकांना दिसतो, नागपुरात त्यावर धावाधाव झाली असती. आणि गारठलेल्या बोटावर तो यंत्राला हवे ते दाखवतो. बोट गरम करून मोजावे, आणि आकड्यापेक्षा माणूस कसा दिसतो-बोलतो याकडे पाहावे.

विदर्भातल्या माणसाने बॅगेत घालायची सर्वांत महत्त्वाची वस्तू मात्र कागदाची आहे : सिकलसेल तपासणीचा अहवाल. या भागात हा आनुवंशिक दोष किती पसरलेला आहे हे नवे नाही. शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ सालीच आला होता. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तरीही विदर्भातला सहलीला निघालेला सुशिक्षित प्रौढ माणूस स्वतः वाहक आहे की नाही हे बहुधा सांगू शकत नाही, कारण त्याला कधी काही झालेले नसते.

या आजारात ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या, ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. असह्य वेदनांचा झटका येतो. तो कशाने येतो याची यादी डॉक्टर रुग्णाला पाठ करून देतात : थंडी, शरीरातले पाणी कमी होणे, ऑक्सिजनची कमतरता, अतिश्रम. हिवाळ्यातली हिमालयाची सहल आखताना हे चारही घटक एकत्र आणायचे असे कुणी ठरवले, तरी याहून चांगली आखणी जमणार नाही. प्रत्यक्ष आजार असलेल्याने आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

वाहकांचे तसे नसते. ते निरोगी असतात, आयुष्यभर त्यांना काही जाणवत नाही, आणि त्यांना घाबरवण्याचे कारण नाही. वाहक असणे हा लग्नाच्या बाजारात लपवायचा डागही नव्हे, हे विदर्भात अजून सांगावे लागते. पण उंचावर वाहकांच्या प्लीहेतला रक्तपुरवठा अडून तिचा काही भाग निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. हे क्वचित घडते. मात्र घडते तेव्हा पोटाच्या डाव्या बाजूला, बरगड्यांखाली जोराची कळ येते, आणि सोबतचे लोक ‘काल रात्रीचे जेवण बाधले’ म्हणून पचनाची गोळी देतात. डॉक्टरला त्या क्षणी ‘हा वाहक आहे’ एवढे तीन शब्द कळले तर त्याचा विचार वेगळ्या दिशेने जातो : ऑक्सिजन, पाणी आणि खाली उतरवणे. चाचणी शासकीय रुग्णालयांत होते. प्राथमिक चाचणीत दोष दिसला तर तो आजार की वाहक हे ठरवणारी पुढची तपासणी करून घ्यावी लागते. ‘आमच्या समाजात नसतं ते’ हे उत्तर मात्र अहवाल म्हणून धरू नये.

मधुमेह आणि दमा असलेल्यांच्या यादीत आणखी दोन ओळी. इन्सुलिन गोठले की निकामी होते, वितळल्यावरही ते वापरू नये. ते सॅकमध्ये नव्हे, अंगालगतच्या खिशात हवे. इनहेलरही तिथेच, कारण थंड डब्यातून औषधाची फवारणी नीट होत नाही. लोखंडाच्या भुकटीचे हात गरम करणारे पाकीट मधुमेहींनी उघड्या कातडीवर ठेवू नये, बधिर पायाला भाजल्याचे कळत नाही. रक्तदाब असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो.

शेवटचा धोका बाहेर नाही, खोलीत आहे. दिवसभर गारठलेला गट रात्री दारे-खिडक्या कागदाने बुजवतो आणि शिगडी किंवा गॅसचा हीटर लावून झोपतो. बंद न्हाणीघरात गॅस गीझरने होणारे मृत्यू महाराष्ट्राला माहीत आहेत. विषारी वायू तोच, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. त्याची पहिली लक्षणे डोकेदुखी आणि मळमळ, म्हणजे नेमकी उंचीच्या त्रासाची; म्हणून ती अंगावर काढली जातात. झोपण्यापूर्वी शिगडी बाहेर काढायची, यात तडजोड नाही. बॅटरीवर चालणारा लहानसा गजर देणारा सेन्सर मिळतो, गटात एक तरी असावा.

यात आयोजकांची जबाबदारी मोठी आहे आणि ती ते सहज टाळतात. सहलीचे पैसे घेताना वैद्यकीय माहितीचा अर्ज भरून न घेणे, सिलिंडर गाडीत न ठेवणे, पहिले दोन दिवस विश्रांतीचे न आखणे, आणि पुन्हा ‘सहभाग स्वतःच्या जबाबदारीवर’ असे छापणे, हे सभ्य व्यवसायाला शोभत नाही. नोंदणी करणाऱ्यानेच हे तीन प्रश्न लेन्सच्या प्रश्नांआधी विचारावेत. उत्तर उडवाउडवीचे आले तर दुसरा आयोजक शोधावा, शहरात ते कमी नाहीत.

राहिला वजनाचा प्रश्न. देशांतर्गत विमानात साधारणपणे १५ किलो सामान आणि ७ किलो हातात. सगळे न्यायचे म्हटले तर बसत नाही, आणि मग जे कापले जाते ते जाकीट असते. कापायचे असेल तर दुसरी मोठी झूम लेन्स कापावी : ती एकटी दीड किलोची, आणि तेवढ्यात पिसांचे जाकीट, जाड मोजे, मॅटचा तुकडा आणि औषधांची पुडी असे सारे बसते. वाडीच्या गोदामात माल चढवणाऱ्या कुणालाही विचारले तर तो सांगेल की आधी लागणारे वर, मागाहून लागणारे खाली. सॅकमध्ये जाकीट वर हवे, कॅमेऱ्याच्याही वर.

भरलेल्या बॅगेची तालीम घ्यायला हिमालयात जावे लागत नाही. डिसेंबरात पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या पहाटेच्या सफारीत आठ अंशांची हवा, ताशी २० किलोमीटरने जाणारी उघडी जिप्सी आणि दोन-अडीच तास एका जागी बसणे, हे सगळे मिळते. त्या वाऱ्यात आठाचे पाच अंश जाणवतात. जाड मोजे घालून बॅटरी बदलता येते का, मेमरी कार्ड न पाडता काढता येते का, पायांना गारठा कधी लागतो, हे तिथे कळते, आणि चुकले तर गेटवर चहा मिळतो. परत आल्यावर बॅग उघडून, ज्या वस्तूला त्या अडीच तासांत हात लागला नाही ती बाजूला काढावी. औषधे आणि तो अहवाल सोडून.